मदिनेला न गेलेला गलेफ

1865 च्या सुमारास बडोद्यात कारागीर मोती ओवत बसले होते. मोती बसराई, म्हणजे इराणच्या आखातातून निघालेले, बहुतेक मोहरीच्या दाण्याएवढे. खाली हरणाचे कमावलेले कातडे, त्यावर रेशीम आणि त्या रेशमावर एकाला एक चिकटून मोत्यांच्या ओळी. वेलबुट्टी दिसावी म्हणून मधून रंगीत काचमणी. मध्यभागी हिऱ्यांची तीन मोठी फुले. त्यांतले हिरे चपट्या पैलूचे आणि सोन्या-चांदीच्या कोंदणात बसवलेले होते. शिवाय माणके, पाचू आणि नीलम. काम पुरे झाले तेव्हा या एका गालिच्यावर पंधरा ते वीस लाख मोती आणि सुमारे अडीच हजार हिरे होते. लांबी 2.64 मीटर, रुंदी 1.74 मीटर, दोन माणसांना झोपायला पुरेल एवढीच जागा.

पण तो कोणी झोपावे, बसावे किंवा चालावे म्हणून केलेला नव्हता. महाराज खंडेराव गायकवाडांनी तो मदिनेला, मुहंमद पैगंबरांच्या कबरीवर चढवण्यासाठी करवून घेतला, असे तेव्हापासून सांगितले जात आले आहे. असे चार गालिचे आणि एक गोल छत मिळून हा संच होता, असेही म्हणतात. आपल्याकडे पिराला गलेफ चढवतात, तसा हा गलेफ. अंतर मात्र बडोद्याच्या राजवाड्यापासून हिजाजच्या वाळवंटापर्यंतचे.

बडोदे आणि मक्का यांना जोडणारी वाट गायकवाडांच्या फार आधीपासून होती. उत्तरेकडून आणि अहमदाबादेकडून सुरतेला जाणारा माणूस बडोद्यावरून जाई आणि मोगल काळात सुरतेचे दुसरे नावच बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा, असे होते. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1576 मध्ये सुरतेच्याच बंदरातून हजला निघाली. तापीवरच्या मक्काई पुलाच्या नावात ती वाट अजून टिकून आहे. पिलाजी गायकवाडांनी सोनगड धरला, 1734 मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले आणि या हजच्या रस्त्याचा मोठा तुकडा मराठ्यांच्या अमलाखाली आला. यात्रेकरू जातच राहिले. पुढे सुरतेचे बंदर गाळाने भरत गेले, व्यापार मुंबईकडे सरकला आणि हजची जहाजेही मुंबईहून सुटू लागली. खंडेरावांच्या काळात बडोद्याला आगगाडी आली. स्वतः महाराजांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम रेल्वे घातली. रूळ अरुंद, डबे ओढायला सुरुवातीला बैल, पण देशी संस्थानाने बांधलेली ती पहिली रेल्वे.

मराठा राजाने मदिनेच्या कबरीसाठी मोती का ओवावेत, हा प्रश्न आज जितका अवघड वाटतो तितका तेव्हा वाटला नसावा. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही हकीकत मराठी घराघरांत माहीत होती. शिवाजी महाराजांनी केळशीच्या बाबा याकूतांचा मान राखला. महादजी शिंद्यांनी बीडच्या मन्सूरशहांना गुरू मानले. बडोद्यात तर हे रोजचेच होते. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांकडे मराठी पोरे कसरत शिकत. पुढे राजरत्न माणिकराव त्यांच्याच हाताखाली घडले आणि आखाड्याला अजून जुम्मादादांचेच नाव आहे. उस्ताद मौलाबक्षांच्या हाती 1886 मध्ये सयाजीरावांनी गायनशाळा सोपवली. खंडेराव स्वतः कुस्तीचे, शिकारीचे आणि जवाहिराचे विलक्षण शौकीन. ब्राझीलमध्ये सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा 128 कॅरटचा हिरा त्यांनी विकत घेतला होता. जो राजा देण्यातही आपल्याच मापाने विचार करतो, तो मदिनेला साधी चादर कशी पाठवील?

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ज्या सुमारास बडोद्यात मोती ओवले जात होते, त्याच सुमारास, 1865 साली, मक्केत हजच्या गर्दीत पटकी शिरली. त्या वर्षीच्या नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजार मेले असा अंदाज तेव्हा केला गेला. तीस हजारांचा आकडाही सांगितला गेला. परतणाऱ्या जहाजांबरोबर रोग सुएझला, तिथून अलेक्झांड्रियाला आणि मग युरोपात पोहोचला. पुढच्या वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली ती या हाहाकारानंतर. त्यानंतर हिंदुस्थानातून जाणाऱ्या यात्रेकरूला जहाज, बंदर, क्वारंटाईन या सगळ्यांचा जाच वाढत गेला. राजाच्या भेटीची तयारी चालू असताना साध्या माणसाची वाट अशी अवघड होत होती.

या साध्या माणसाला मक्केत चालायचे काय होते, ते इथे सांगायला हवे. काबाभोवती सात प्रदक्षिणा, म्हणजे तवाफ, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतरची सई मराठी वाचकाला कमी परिचित आहे. काबाजवळच सफा आणि मरवा अशा दोन टेकड्या आहेत, टेकड्या म्हणजे खडकाचे उंचवटेच. त्यांच्यामध्ये चारशे-साडेचारशे मीटर अंतर. सफावरून निघायचे, मरवाला पोहोचायचे, ही एक फेरी. परत सफाला आले की दुसरी. अशा सात फेऱ्या आणि शेवट मरवावर. चालण्याच्या या जागेला मसआ म्हणतात. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात सफा-मरवाला अल्लाहच्या खुणा म्हटले आहे.

यामागची कथा बीबी हाजराची. इब्राहिमांनी तिला आणि तान्ह्या इस्माईलला त्या ओसाड दरीत सोडले. मशकीतले पाणी संपले, पोर तडफडू लागले. ती एका टेकडीवर चढली, लांब नजर टाकली, कोणी नाही. उतरली, दुसऱ्या टेकडीवर गेली. मधल्या सखल भागात पोर नजरेआड होई, म्हणून तेवढी वाट ती धावत काढी. सात वेळा. मग पोराच्या टाचेखाली पाणी फुटले, तेच जमजम. तो सखल भाग आज हिरव्या दिव्यांनी दाखवलेला असतो आणि तिथे पुरुष पावले झपाझप उचलून जवळजवळ धावतात. बायकांना धावण्याची गरज नाही, त्यांनी चालावे असा नियम आहे. एका बाईची धाव हजारभर वर्षांहून अधिक काळ पुरुष धावत आले आहेत. या सगळ्या विधीत मला सर्वांत हलवून जाणारी गोष्ट हीच.

वारीला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वेळापूरच्या अलीकडे धाव्याच्या जागी माउलीच्या पालखीपुढे दिंड्या उतारावरून पळत सुटतात, कारण तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले असे मानतात. दुसऱ्या कोणाच्या पायांची धाव आपल्या पायांनी पुन्हा करायची. ज्या जागेवर ती धाव झाली, त्या जागेशिवाय त्या करण्याला अर्थ नाही. दोन्ही श्रद्धांचा गाभा वेगळा आहे आणि त्यांना एका पट्टीने मोजू नये, पण पायांना दिलेला हा मान सारखाच आहे.

खंडेरावांच्या काळातली मसआ आजच्यासारखी दालन नव्हती, तो मक्केतला बाजाराचा रस्ता होता. स्विस प्रवासी बुर्कहार्ट 1814 मध्ये तिथे गेला. मक्केतला हा सर्वांत सरळ आणि लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि गजबज इतकी की त्याला इस्तंबूलच्या बाजाराची आठवण झाली. मरवाच्या टोकाला न्हाव्यांची दुकाने, कारण सई झाली की डोके भादरायचे किंवा केस कापायचे. सौदा करणारे, हमाल, उंट, कुत्री यांच्यामधून एहरामची दोन पांढरी वस्त्रे गुंडाळलेला माणूस दुआ पुटपुटत जायचा. बडोद्यातल्या मांडवीच्या भर बाजारातून कोणी पूजेच्या मनाने सात वेळा येरझारा घालाव्यात, तसे ते दृश्य.

हा रस्ता इंग्रजी वाचकांपुढे तपशिलात आणणाऱ्यांपैकी एक माणूस बडोद्यातच राहिलेला होता. रिचर्ड बर्टन 1842 मध्ये मुंबईला उतरला आणि कंपनीच्या मुंबई फौजेतल्या अठराव्या पलटणीबरोबर बडोद्याच्या छावणीत आला. हिंदुस्थानी आणि गुजराती तो इथेच शिकला. अकरा वर्षांनी, 1853 मध्ये, तो पठाण वैद्य शेख अब्दुल्ला या वेषात हजला गेला. मुसलमान नसलेल्या माणसाने असे वेष पालटून पवित्र जागी जावे यात मला धाडसापेक्षा फसवणूक जास्त दिसते. तरी त्याच्या वर्णनाचा इथे उपयोग आहे, कारण तो मक्केआधी मदिनेला पोहोचला आणि ज्या जागेसाठी खंडेरावांचे मोती ओवले गेले, ती जागा त्याने पाहिली.

पैगंबरांची कबर मशिदीतल्या हुजऱ्यात, म्हणजे खोलीत, आहे. यात्रेकरूला आत प्रवेश नाही. जाळीच्या खिडकीपाशी उभे राहून सलाम म्हणायचा. आत कबरीभोवती जरीची अक्षरे असलेला पडदा, तो ऑटोमन सुलतानाकडून येई. त्या पडद्यावर छातीच्या उंचीला एक दागिना टांगलेला असे आणि त्याचे नाव कौकब-अल-दुर्री, म्हणजे मोत्यांचा तारा. म्हणजे मदिनेला मोती वाहण्याची कल्पना बडोद्यात निघालेली नव्हती. त्या कबरीचा खजिना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वहाबी फौजांनी काढून नेला होता. त्यानंतर राजेरजवाडे पुन्हा भेटी पाठवत होते.

पण भेट पाठवायची म्हणजे रस्ता पार करायचा. मदिना हजचा भाग नाही. तिथली जियारत ही श्रद्धेने जोडलेली वेगळी यात्रा, आणि त्या काळी मक्केहून किंवा यानबू बंदरातून उंटांच्या काफिल्याने बरेच दिवस लागत. वाटेवर बेदुईन टोळ्या. खंडेरावांच्याच काळात, 1864 च्या जानेवारीत, भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम मुंबईहून जहाजाने जेद्दाला उतरल्या. बरोबर आई कुदसिया बेगम आणि हजारभर माणसे. गादीवर असताना हज करणाऱ्या त्या हिंदुस्थानातल्या पहिल्या राज्यकर्त्या. त्यांनी प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले, त्याचे इंग्रजी भाषांतर 1870 मध्ये छापले गेले. त्यात जेद्दाच्या जकातवाल्यांनी सामानाची केलेली उलथापालथ आहे, मक्केची घाण आहे, आणि कुदसिया बेगमच्या सढळ हाताची बातमी पसरल्यावर दाराशी लोटलेली भिकाऱ्यांची गर्दी आहे. बेगमने तवाफ केला, सई केली. मदिनेला मात्र त्या गेल्या नाहीत, कारण रस्ता धोक्याचा. पदरी शिपाई, पैसा आणि इंग्रज सरकारची पत्रे असलेल्या राणीने जी वाट टाळली, त्या वाटेने लाखो मोत्यांचा गालिचा उंटाच्या पाठीवर पाठवणे सोपे नव्हते.

खंडेरावांनी मनात काय योजले होते, त्याला काळाने वेळ दिला नाही. 28 नोव्हेंबर 1870 रोजी ते वारले. त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव पादरा गावी कैदेत होते. तिथून ते थेट गादीवर आले. राणी जमनाबाई गरोदर होत्या, मुलगा झाला असता तर गादी त्याची, पण 1871 मध्ये मुलगी झाली. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. रेसिडेंट कर्नल फेअरवर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि 1875 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. त्याच वर्षी 27 मे रोजी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळ या मुलाला दत्तक घेतले; तेच सयाजीराव. या धामधुमीत मदिनेचा संकल्प पुढे नेणारे कोणी उरले नव्हते. संकल्प करणारा गेला की संकल्प पोरका होतो आणि वस्तू नुसती वस्तू राहते. गालिचा जवाहिरखान्यात गेला.

नजरबाग राजवाड्यात दौलतीचे जवाहीर ठेवलेले असे आणि पाहुण्यांना तिथे हा मोत्यांचा गालिचा दाखवला जाई. लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबाराच्या वेळी, 1902-03 मध्ये, भरलेल्या कला प्रदर्शनात तो मांडला गेला आणि जॉर्ज वॉट यांनी त्या प्रदर्शनाच्या ग्रंथात त्याची नोंद केली. गलेफ म्हणून निघालेली चीज तेव्हापासून हिंदी कारागिरीचा नमुना झाली. ते खोटे नव्हते, पण पुरे खरेही नव्हते. काचेआड ठेवलेल्या वस्तूपुढे माणूस किंमत विचारतो. कबरीवरच्या चादरीची किंमत कोणी विचारत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगून होण्यासारखा आहे. प्रतापसिंहराव गायकवाडांनी 1943 मध्ये सीतादेवींशी लग्न केले. महायुद्ध संपल्यावर सीतादेवी मोनॅकोला राहायला गेल्या आणि बडोद्याच्या खजिन्यातले बरेच जवाहीर तिकडे गेले, त्यात हा गालिचाही होता. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातल्या भारतविषयक प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला. मार्च 2009 मध्ये सदबीज् या लिलाव कंपनीने तो दोह्यात लिलावाला काढला आणि सुमारे 55 लाख डॉलरना तो विकला गेला. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ज्या आखाताच्या तळातून पाणबुड्यांनी ते मोती काढले त्याच आखाताच्या काठी. संचातले गोल छत पुढे अल थानी संग्रहात होते. बडोद्यात नजरबागही उरलेली नाही. ती इमारत अलीकडच्या काळात पाडली गेली.

तो गलेफ मदिनेला पोहोचला असता तर? बडोद्याच्या माणसाला हा विचार सुचल्याशिवाय राहत नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, मदिनेचा ऑटोमन सेनापती फखरी पाशा वेढ्यात सापडला असताना तिथल्या पवित्र वस्तू आणि मौल्यवान भेटी आगगाडीने इस्तंबूलला हलवल्या गेल्या. त्या तोपकापी राजवाड्यात आहेत. बडोद्याचा गलेफही बहुधा तिकडेच गेला असता. 1925 मध्ये हिजाज सौदींच्या हाती आले. कबरींवर सजावट करणे त्यांच्या मताप्रमाणे निषिद्ध. मदिनेच्या जन्नत-उल-बकी या कबरस्तानातले घुमट त्यांनी जमीनदोस्त केले. तेव्हा खंडेरावांचे मोती त्या जाळीआड आजवर पडून राहिले असते असे मला वाटत नाही. पण थोडी वर्षे का होईना, जाळीला हात लावून उभ्या राहिलेल्या बडोद्याच्या एखाद्या विणकराला कोणी सांगितले असते, ते बघ, ते तुझ्या गावाहून आले आहे. त्या एका क्षणाला बडोदे मुकले, याची हळहळ मला वाटते.

विणकर, तांबोळी, बोहरी दुकानदार, छावणीतले पठाण हजला जात मात्र राहिले. जाणाऱ्याने देणी फेडायची, भांडण असेल तिथे माफी मागायची आणि मग निघायचे, ही रीत. आमच्या लहानपणी हाजीसाहेब परतले की शेजारच्या मराठी घरांतही खजूर यायचा आणि वाटीच्या तळाशी जमजमचे पाणी. आजी ते पाणी तीर्थासारखे उजव्या तळहातावर घ्यायची. त्या घरच्या बायकांकडून मी सईचे पहिले वर्णन ऐकले, आणि त्यात पुण्याचा शब्द कमी आणि पोटऱ्या दुखल्याचा जास्त होता.

बाजाराचा तो रस्ता आता नाही. 1955 पासून सौदी सरकारने मशीद वाढवली, दुकाने हटवली आणि सफा ते मरवा ही सगळी वाट दुमजली इमारतीत घेतली. 2007-08 मध्ये तिची रुंदी वीस मीटरवरून चाळीस केली आणि मजलेही वाढले. त्या रुंदीकरणावर उलेमांमध्ये वाद झाला. नवी जमीन मूळच्या दोन टेकड्यांच्या मध्ये येते का, आणि येत नसेल तर तिथे चाललेली सई खरी का, असा तो प्रश्न होता. जागेचे एवढे महत्त्व मानणाऱ्यांना तो पडणे साहजिकच होते. खालची फरशी संगमरवरी आहे, गार हवा वाहते, चाकाच्या खुर्च्यांना वेगळी रांग आहे. सफाचा खडक थोडा उघडा ठेवलेला आहे.

बडोद्याचे यात्रेकरू हल्ली अहमदाबादच्या विमानतळावरून निघतात आणि काही तासांत जेद्दाला उतरतात. एहरामची वस्त्रे पुरुषांनी बहुतेक इथूनच नेसलेली असतात. तवाफ होतो, जमजम पिऊन होते, मग लोक सफाकडे वळतात आणि काबाकडे तोंड करून हात उचलतात. पहिल्या फेरीत मोजणी लक्षात राहते. तिसरी-चौथी झाली की म्हातारी माणसे बोटांवर मोजतात किंवा बरोबरच्याला विचारतात. हिरवे दिवे आले की पुरुषांची पावले वेग घेतात, बायका मागे राहतात आणि दिवे संपले की नवरे थांबून त्यांची वाट पाहतात. सातवी फेरी मरवावर संपते. तिथे केस कापतात.